भरलेली खेप

सकाळी सहाच्या सुमारास वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा सायकलवरून सोसायटीच्या फाटकातून आत येतो आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळ्या विंगा उरकून पुढच्या सोसायटीकडे वळतो. दूधवाल्याचेही तसेच. शंभर घरांचा माल असतो, पण फेरी एकच असते. त्याच फाटकाशी मग दिवसभर दुसरा माल येत राहतो. नऊ वाजता कोणाची कोथिंबीर आणि ब्रेड, दहाला मोबाइलचे कव्हर, अकराला न बसणारा कुर्ता परत न्यायला आलेला कोणी, दुपारी औषधे, संध्याकाळी वेफर्सची पाकिटे आणि रात्री उशिरा आइस्क्रीम. घरे तीच आणि रस्ताही तोच, पण आता प्रत्येक घरासाठी, किंबहुना प्रत्येक वस्तूसाठी, एक गाडी निघते आणि रिकामी परत जाते. मराठीत ‘खेप’ असा एक नेमका शब्द आहे. वाहून आणलेला माल आणि तो आणण्यासाठी घातलेली फेरी या दोन्हींना आपण खेप म्हणतो. ऑनलाइन खरेदीचा शहराच्या हवेवर आणि रस्त्यांवर पडणारा भार समजून घ्यायचा, तर या एका शब्दापासून सुरुवात करावी. खेप भरलेली असेल, तर घरपोच सेवा आपण स्वतः बाजारात जाण्यापेक्षाही कमी प्रदूषण करू शकते. खेप एकाच वस्तूची असेल, तर गाडी विजेवरची असो, पिशवी कागदाची असो, हिशेब बिघडतोच. उपाय शोधायचे ते खेप भरण्याचे शोधायला हवेत, आणि ते आपल्या आवाक्यात आहेत.

प्रश्न केवढा आहे ते आधी पाहू. ‘वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम’ने जानेवारी २०२० मध्ये जगातल्या शंभर मोठ्या शहरांतल्या घरपोच वाहतुकीवर एक अहवाल काढला. काहीच केले नाही, तर २०३० पर्यंत या शहरांत डिलिव्हरीच्या गाड्यांची संख्या ३६ टक्क्यांनी, त्यांच्या धुरातून होणारे उत्सर्जन ३२ टक्क्यांनी आणि रस्त्यांवरची कोंडी २१ टक्क्यांनी वाढेल, असा त्यात अंदाज होता. तो बांधला गेला तेव्हा करोनाची टाळेबंदी यायची होती, आणि दहा मिनिटांत किराणा दारात आणून देणाऱ्या सेवांचा आपल्या शहरांत जम बसायचा होता. भारतापुरते बोलायचे, तर नीती आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘शून्य’ ही विजेवरच्या डिलिव्हरीची मोहीम सुरू केली. देशातल्या मालवाहतुकीमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनात शहरांतर्गत मालवाहतुकीचा वाटा १० टक्के आहे आणि २०३० पर्यंत हे उत्सर्जन ११४ टक्क्यांनी, म्हणजे दुपटीहूनही अधिक वाढेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. हे उत्सर्जन होते ते आपल्या खिडक्यांखाली, शाळांच्या रस्त्यांवर आणि सिग्नलला थांबलेल्या गर्दीत. कार्बन डायऑक्साइड साऱ्या जगाची हवा तापवतो, पण त्याच धुरातले सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे त्या गल्लीत राहणाऱ्यांच्या फुफ्फुसांत जातात.

एखाद्या पार्सलचा प्रवास डोळ्यांसमोर आणला, तर नासाडी नेमकी कुठे होते ते कळते. मुंबईकरांनी मागवलेल्या मालाचा मोठा भाग भिवंडीच्या गोदामांतून निघतो. जकात होती त्या काळात मुंबईच्या हद्दीबाहेर माल साठवणे व्यापाऱ्यांना परवडे, त्यामुळे या परिसरात गोदामे वाढत गेली. २०१७ मध्ये जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. भिवंडीहून माल मोठ्या ट्रकमधून शहरातल्या वाटप केंद्रावर येतो. ट्रकमध्ये शेकडो, कधी हजारो पार्सले असतात. त्यामुळे ट्रकने कितीही डिझेल जाळले, तरी एका पार्सलच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. परराज्यातून रेल्वेने किंवा ट्रकने आलेल्या मालाचेही असेच आहे. ‘उद्याच हवे’ या हट्टापायी माल विमानाने आला तर मात्र गणित बदलते, कारण विमानाने माल नेताना रेल्वेच्या कित्येक पट इंधन जळते. सर्वांत विरळ टप्पा असतो तो शेवटचा, वाटप केंद्रापासून दारापर्यंतचा. अंतर सर्वांत कमी, पण माल एकेकट्याने चाललेला. मोठी जलवाहिनी धडधाकट असावी आणि गळती घराघरांच्या नळांशी व्हावी, तशी ही अवस्था आहे.

एक साधा हिशेब मांडून पाहू. त्यातली गृहीतके उघडपणे सांगतो, म्हणजे कोणालाही तो तपासता येईल. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो, आणि एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला ५० किलोमीटर धावणारी मोटारसायकल एका ऑर्डरसाठी दोन किलोमीटर गेली आणि दोन किलोमीटर रिकामी परतली, तर त्या एका ऑर्डरपायी सुमारे १८५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. आता लिटरला १५ किलोमीटर धावणारा डिझेलचा छोटा टेम्पो घेऊ. तो दिवसभरात ६० किलोमीटर फिरला आणि त्याने १०० पार्सले वाटली, तर एका पार्सलच्या वाट्याला सुमारे १०८ ग्रॅम येतात. धूर ओकणारा म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो तो टेम्पो इथे एकट्या मोटारसायकलपेक्षा बरा ठरतो. त्याच टेम्पोने तेवढ्याच अंतरात फक्त ४० पार्सले वाटली, तर मात्र हा आकडा २७० ग्रॅमवर जातो. गाडी, इंधन, चालक आणि रस्ता यांपैकी काहीच बदललेले नाही. खेप किती भरली तेवढेच बदलले, आणि प्रदूषण अडीच पट झाले.

परदेशांतल्या अभ्यासांतूनही हेच निघते. एडिनबराच्या हेरियट-वॉट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये ब्रिटनमधल्या छोट्या पार्सलांचा हिशेब मांडला. एका फेरीत सुमारे १२० घरे घेणारी व्हॅन एका पार्सलमागे १८१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते, तर खरेदीसाठी मोटारीने केलेल्या सरासरी फेरीत ४,२७४ ग्रॅम जातात, असे त्यांना दिसले. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी किराणा घरपोच देण्याचा अभ्यास केला आणि २०१३ मध्ये तो पुढे आला. प्रत्येकाने आपल्या गाडीने दुकानात जाण्यापेक्षा डिलिव्हरीचा ट्रक २० ते ७५ टक्के कमी कार्बन सोडतो, असे त्यात आढळले. खरा धडा त्याच्या पुढच्या आकड्यात आहे. ग्राहकाने सांगितलेल्या वेळा पाळत बसण्याऐवजी कंपनीने शेजारशेजारच्या घरांचा माल एकत्र बांधून फेरी आखली, तर ही बचत ८० ते ९० टक्क्यांवर गेली. नवे इंजिन बसवले नव्हते की नवी बॅटरी लावली नव्हती. ‘मला अमुक वेळेलाच हवे’ ही अट सैल झाली, एवढेच.

‘ऑनलाइन खरेदी पर्यावरणाला चांगलीच आहे, उगाच कशाला बाऊ करता?’ असे म्हणणारे नेमक्या याच अभ्यासांचा आधार घेतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. घरटी मोटार असलेल्या आणि मैलोन्‌मैल पसरलेल्या उपनगरांत राहणारा माणूस साबणाच्या एका वडीसाठीही गाडी काढतो. तिथे भरलेली व्हॅन वीस-तीस मोटारी रस्त्यावरून कमी करते. आपल्या शहरांत स्थिती तशी नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) २००८ मध्ये पूर्ण केलेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासानुसार मुंबई महानगर प्रदेशात रोजच्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत होत्या. डोंबिवलीत किंवा गिरगावात इमारतीच्या खाली उतरले की वाणी, कोपऱ्यावर भाजीवाली आणि पलीकडे औषधांचे दुकान असते. तिथली खरेदी पायी होते, म्हणजे तिच्यापायी एक थेंबही पेट्रोल जळत नाही. पायी होणाऱ्या खरेदीच्या जागी मोटारसायकलची खेप आली, तर ती बचत नव्हे, नवीन भर असते. शिवाय ऑनलाइन खरेदीने बाजाराच्या फेऱ्या थांबल्या आहेत असेही नाही. आपण बाजारातही जातो आणि वर मागवतोही. म्हणून ‘ऑनलाइन बरे की दुकान बरे’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. कुठल्या फेरीच्या जागी कुठली खेप आली, हे पाहावे लागते.

दहा मिनिटांच्या सेवांचा विचारही याच कसोटीवर करायला हवा, आणि तो न्यायाने करायला हवा. या सेवा वस्तीतच छोटी गोदामे उघडतात, त्यामुळे त्यांच्या फेरीचे अंतर कमी असते. एकेका ऑर्डरकडे पाहिले तर तिचा भार फार नाही. अडचण आहे ती किती वेळा मागवले जाते याची. वस्तू दहा मिनिटांत येणार म्हटल्यावर यादी करण्याचे कारणच उरत नाही. आठवले की मागवले, पुन्हा आठवले की पुन्हा मागवले. २०० घरांच्या एका सोसायटीत प्रत्येक घराने महिन्यातून २० वेळा असे काही मागवले, असे समजा. महिन्याच्या ४,००० फेऱ्या झाल्या, म्हणजे एकाच फाटकाशी दिवसाला १३० हून अधिक. वर धरलेल्या चार किलोमीटरच्या हिशेबाने या एका सोसायटीपायी महिन्याला सातशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेवढाच माल आठवड्यातून एकदा मागवला, तर फेऱ्या हजाराच्या आत येतात. त्यातही शेजारच्या घरांचा माल एकत्र आला, तर त्या आणखी कितीतरी कमी होतात. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी आजची आपली खरेदी झाली आहे. या चिंध्यांचे ओझे रस्ता वाहतो आहे.

‘मग गाड्या विजेवर आणा, प्रश्न मिटला,’ हा पुढचा आणि सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद. विजेवरच्या गाड्या हव्यातच. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद आणि अमरावती या सहा महानगरांत २०२५ पर्यंत डिलिव्हरीच्या २५ टक्के गाड्या विजेवर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. दिल्लीने २०२३ च्या योजनेत मोठ्या डिलिव्हरी कंपन्यांना १ एप्रिल २०३० पर्यंत सर्व गाड्या विजेवर आणण्याचे बंधन घातले. ॲमेझॉनने भारतात २०२५ पर्यंत अशी १०,००० वाहने आणि फ्लिपकार्टने २०३० पर्यंत २५,००० वाहने आणण्याचे जाहीर केले. गल्लीतला धूर आणि गोंगाट यामुळे कमी होतो, हा फायदा मोठा आहे. पण आपली जवळपास तीन चतुर्थांश वीज आजही कोळशावर तयार होते. एक युनिट वीज वापरली की सरासरी सातशे ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड कुठल्यातरी वीजकेंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडतो. म्हणजे चंद्रपूरची किंवा कोराडीची हवा मुंबईच्या सोयीसाठी खर्ची पडते. किलोमीटरला ३० वॉट-तास खाणारी स्कूटर तीच चार किलोमीटरची एकटी खेप करते, तेव्हा सुमारे ९० ग्रॅमचा भार पडतो. भरलेल्या डिझेल टेम्पोतल्या पार्सलच्या १०८ ग्रॅमपेक्षा तो जेमतेम कमी आहे. उलट विजेवरच्या तीनचाकी मालरिक्षेने ६० किलोमीटरमध्ये १०० पार्सले पोचवली, तर एका पार्सलमागे ४० ग्रॅमही पडत नाहीत. वीज आणि भरलेली खेप एकत्र आल्या तरच मोठा फरक पडतो. शिवाय बॅटरी लावल्याने रस्ता रुंद होत नाही. फुटपाथवर चढवलेली स्कूटर पेट्रोलची असो की विजेची, चालणाऱ्या माणसाला रस्त्यावरच उतरावे लागते.

खेप भरणे ही कल्पना परदेशातून आणण्याची आपल्याला गरज नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेला पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने घडवला. ते टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे जाणकार होते. पिनकोड म्हणजे तरी काय? देशभरातून आलेली सुटी पत्रे एका गठ्ठ्यात कशी बांधावीत आणि तो गठ्ठा एका पोस्टमनच्या एका फेरीत कसा बसवावा, याची ती युक्ती आहे. १८९० पासून चालत आलेली मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्थाही अशीच. त्यांच्या अचूकतेचे कौतुक जगाने केले. पर्यावरणाच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांच्या यशाचे मर्म ठरलेल्या वेळेत आहे. जेवणाची वेळ सगळ्यांची एकच, म्हणून घराघरांतले डबे एका वेळी उचलता येतात, स्टेशनवर त्यांची छाननी होते, लोकल गाडी लांबचा पल्ला पार करते आणि उरलेले अंतर सायकल आणि हातगाडी कापते. प्रत्येकाने आपापल्या लहरीने डबा मागवला असता, तर ही व्यवस्था आठवडाभरही टिकली नसती. आणि घरोघरी होती ती वाण्याची यादी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डाळ-तांदूळ, तेल, साखर, चहा लिहून काढायचे, यादी वाण्याकडे द्यायची आणि संध्याकाळी त्याच्या माणसाने सगळे सामान एकदम घरी आणून टाकायचे. घरपोच सेवा आपल्याला नवी नाही. यादीशिवायची घरपोच सेवा नवी आहे.

रिकाम्या खेपांचा आणखी एक प्रकार आहे, वाया गेलेल्या खेपेचा. ग्राहक घरी नाही, फोन उचलत नाही, ‘पैसे वस्तू आल्यावर देऊ’ म्हणून मागवले आणि वस्तू दारात आली तेव्हा मन बदलले. अशा वेळी पार्सल जाते, परत येते आणि पुन्हा जाते. एका वस्तूसाठी तीन फेऱ्या होतात आणि हाती काही लागत नाही. कपड्यांच्या बाबतीत तर तीन मापे मागवून दोन परत करण्याची रीतच पडत चालली आहे. परतीची सेवा ‘मोफत’ आहे असे आपण समजतो. तिचे मोल रस्ता आणि हवा चुकती करतात. आपल्याकडचे पत्तेही याला हातभार लावतात. ‘मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीसमोर’ हा पत्ता गावातल्या माणसाला पुरतो, रोज नव्या वस्तीत जाणाऱ्या माणसाला तो दोन चकरा मारायला लावतो. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला. त्यात देशातल्या साधारण चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-अंकांची खूण मिळाली आहे. पिनकोडने गठ्ठा गावापर्यंत नेला, ही खूण दारापर्यंत नेऊ शकते. कंपन्यांनी तिचा वापर केला आणि आपण आगाऊ पैसे भरून, मापाचा तक्ता नीट वाचून वस्तू मागवली, तर वाया जाणाऱ्या खेपांची मोठी संख्या वाचेल.

वेष्टनाबद्दलही याच संदर्भात बोलायला हवे, कारण ते डोळ्यांना सर्वांत आधी खुपते. इथे एक फरक समजून घ्यावा. पुठ्ठ्याच्या खोक्याला भाव मिळतो, म्हणून तो कचऱ्यात फार काळ राहत नाही. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून पुढे आलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदारचा कचरा गोळा करते आहे. या कष्टकऱ्यांच्या हाती कोरडा पुठ्ठा पडला, तर त्यांना चार पैसे मिळतात आणि पुठ्ठा कागद गिरणीत परत जातो. पातळ प्लॅस्टिकची पाकिटे, फुगे असलेले प्लॅस्टिकचे आवरण, अनेक थरांची चकचकीत पिशवी आणि सर्वांगाला गुंडाळलेली चिकटपट्टी यांना मात्र कोणी विचारत नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्राने आणि १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. उत्पादकांनी आपले प्लॅस्टिक परत गोळा करावे, असा नियमही आला. हे सगळे आवश्यक आहे. पण पाच वस्तू पाच वेळा आल्या की पाच खोके येतात, आणि एकदम आल्या की एक खोका पुरतो. खेप भरली की वेष्टनही कमी लागते. कचऱ्याचा आणि धुराचा प्रश्न इथे एकाच जागी सुटतो.

मग करायचे काय? पहिली जबाबदारी कंपन्यांची आहे, कारण खरेदीच्या पडद्यावर काय आधी दिसावे हे त्या ठरवतात. आज ‘लवकरात लवकर’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि ‘सावकाश चालेल’ हा पर्याय शोधावा लागतो. हा क्रम उलटा करावा. ‘तुमच्या सोसायटीत मंगळवारी आणि शुक्रवारी आमची गाडी येते, त्या दिवशी घेतले तर इतके रुपये कमी’ असे पडद्यावर लिहिले, तर बहुतेक लोक थांबतील, कारण मोबाइलचे कव्हर दोन दिवसांनी आले म्हणून कोणाचे काही अडत नाही. ज्याला खरोखर घाई आहे त्याने घाईचे पैसे द्यावेत. आज घाईचे दाम सगळ्यांच्या वर्गणीतून भागवले जाते आणि वाट पाहायला तयार असलेल्या ग्राहकाला त्याचे काहीच मिळत नाही. याला जोडून एक कायदेशीर बंधनही हवे. मोठ्या शहरांत काम करणाऱ्या कंपन्यांनी दर ऑर्डरमागे गाडी किती किलोमीटर चालली हा आकडा दरवर्षी जाहीर करावा. ‘आमच्या इतक्या गाड्या विजेवर आहेत’ या घोषणेपेक्षा या एका आकड्यातून खरे चित्र अधिक कळेल.

दुसरी जबाबदारी शहराची आणि सोसायट्यांची. जर्मनीच्या टपाल कंपनीने २००१ पासून पार्सल पेट्या उभारायला सुरुवात केली, आणि पोलंडमध्ये अशा हजारो पेट्या वस्त्यावस्त्यांत आहेत. पार्सल पेटीत ठेवले जाते, ग्राहकाला मोबाइलवर आकडा येतो आणि तो येता-जाता आपली वस्तू काढून घेतो. घरी कोणी नाही म्हणून फेरी वाया जाण्याचा प्रश्नच राहत नाही. आपल्याकडे रोज लाखो माणसे लोकल आणि मेट्रोच्या स्थानकांतून जातात. पार्सल पेट्यांसाठी त्याहून चांगली जागा कुठली? मोठ्या सोसायटीत अशी पेटी फाटकाजवळ असेल, तर पार्सलवाल्याला प्रत्येक मजल्यावर जावे लागणार नाही आणि एका थांब्यात चाळीस घरांचा माल उतरेल. नव्या इमारतींना पावसाचे पाणी जिरवण्याची व्यवस्था आपण सक्तीची केली, तशीच पार्सलची खोली आणि विजेवरच्या मालगाड्या चार्ज करण्याची सोय सक्तीची करता येईल. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरसाठी माल वाहणारी सायकल हा तर आपल्या अरुंद पेठांना साजेसा उपाय आहे. लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले, की शहराच्या मध्यभागात विजेची जोड असलेली मालसायकल व्हॅनपेक्षा ६० टक्के अधिक वेगाने पार्सले वाटते आणि डिझेल व्हॅनच्या तुलनेत ९० टक्के उत्सर्जन वाचवते. नेदरलँड्समधल्या अनेक शहरांनी तर १ जानेवारी २०२५ पासून मध्यवर्ती भागात धूर सोडणाऱ्या मालगाड्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणायला सुरुवात केली आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादरच्या बाजारात असा प्रयोग एकदम नको, पण ठरावीक वेळी माल उतरवण्याची आखीव जागा आणि तिथून पुढे सायकली, एवढी सुरुवात महापालिकेला सहज जमेल.

यावर दोन आक्षेप मनापासून घेतले जातात, आणि त्यांना मनापासूनच उत्तर द्यायला हवे. पहिला सोयीचा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना, चालता न येणाऱ्यांना, नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रियांना घरपोच सेवेने मोठा आधार दिला आहे. ती काढून घ्या असे कोणीही म्हणू नये. पण भरलेल्या खेपेने येणारा माल दारातच येतो, फक्त ठरलेल्या दिवशी येतो. औषधे, लहान बाळाचे दूध, अचानक लागलेली गरज यांना तातडीची वाट मोकळी ठेवावीच लागेल. तातडीची वाट खऱ्या तातडीसाठी राखली, तर ती अधिक चांगली चालेल. रुग्णवाहिकेला रस्ता मिळावा म्हणून इतरांनी बाजूला व्हायचे असते, त्यासारखीच ही शिस्त आहे.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा, आणि तो अधिक अवघड आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशात ७७ लाख लोक ॲपवरून किंवा तत्सम सुट्या कामावर असल्याचा अंदाज होता आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असे म्हटले होते. डिलिव्हरी करणारी मुले यातच आहेत. फेऱ्या कमी झाल्या तर त्यांच्या हातचे काम जाणार नाही का? ज्यांना फेरीवर पैसे मिळतात त्यांचे नुकसान होईल, हे मान्य करायला हवे. म्हणूनच मोबदल्याची पद्धत बदलल्याशिवाय ही सुधारणा करू नये. आज पेट्रोल त्यांच्या खिशातून जाते, गाडीची झीज त्यांची, अपघाताची भीतीही त्यांचीच. फेरीमागे पैसे असल्याने घाई हाच त्यांचा धंदा झाला आहे. त्याऐवजी ठरलेल्या पाळीचा पगार, कंपनीची गाडी आणि ठरलेली वस्ती मिळाली, तर त्याच माणसाला पेट्रोलचा खर्च नाही, सिग्नल तोडण्याची गरज नाही आणि दिवसाअखेरची कमाईही पक्की. टपाल खात्यातला पोस्टमन आपली वस्ती ओळखतो आणि वस्ती त्याला ओळखते. पार्सल आणणाऱ्या मुलालाही ही ओळख मिळायला हवी. पर्यावरणाचा आणि त्या मुलाचा शत्रू एकच आहे, तो म्हणजे बिनकामाची घाई.

ग्राहक म्हणून आपल्या हाती काय उरते? कंपन्या आणि सरकार यांच्या तुलनेत आपला वाटा लहान आहे, पण तो पहिला आहे, कारण खेप आपल्या बोटाच्या टोकावर सुरू होते. स्वयंपाकघराच्या दारामागे किंवा मोबाइलमध्ये एक यादी ठेवावी. आठवले की मागवण्याऐवजी आठवले की यादीत लिहावे आणि आठवड्यातून एकदा मागवावे. जे खाली उतरून कोपऱ्यावर मिळते ते पायीच आणावे. मागवलेले परत करायची वेळ येऊ नये इतपत विचार आधी करावा. खोके कोरडे आणि घडी घालून द्यावे. आणि सोसायटीच्या सभेत पाणी आणि पार्किंग यांच्याबरोबर पार्सलचाही विषय घ्यावा. सगळ्यांनी मिळून आठवड्याचे दोन दिवस ठरवले आणि ते कंपन्यांना कळवले, तर कंपन्या ऐकतील, कारण भरलेली गाडी त्यांनाही स्वस्त पडते. वर्तमानपत्र आणि दूध यांसाठी ही व्यवस्था आपण कित्येक वर्षे न बोलता पाळत आलो आहोत. शंभर घरे सकाळच्या एका फेरीची वाट पाहतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. उरलेल्या मालासाठीही तेवढीच वाट पाहायची आहे. ती पाहिली, तर त्या फाटकाशी संध्याकाळी खेळणारी मुले थोडी अधिक स्वच्छ हवा घेतील.